फोटोतली शिवराई, हातातली शिवराई

जुनी नाणी, टपाल तिकिटं आणि इतिहासाची पुस्तकं मोबाइलवरून विकत घेण्याबद्दल आम्ही मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. उत्तरं देत आहेत बेळगावच्या टपाल खात्यात आयुष्यभर नोकरी केलेल्या आणि आता संग्रहात रमलेल्या आमच्या काकू. नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. पत्रलेखकांचीही नावं त्यामुळे गाळली आहेत.

काकू, नमस्कार. निपाणीत माझं किराणा दुकान आहे. एका साइटवर शिवकालीन सोन्याचा होन साडेचार हजारांत दिसतोय, बरोबर प्रमाणपत्रही देतात म्हणे. त्याच विक्रेत्याकडे तांब्याची शिवराई अडीच हजाराला एक आहे. शिवजयंतीच्या आधी दोन्हींपैकी काहीतरी घरात यावं अशी इच्छा आहे. काय घेऊ?

भाऊ, होन अजिबात घेऊ नका. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं पाडलेले ते होन. आज अस्सल म्हणून ठाऊक असलेले बोटांवर मोजण्याइतके. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आजच्या भावानं नुसतं तेवढं सोनं घ्यायला सराफाकडे गेलात तरी साडेचार हजारांत भागणार नाही, मग त्यावर महाराजांचं नाव असलेलं नाणं कुठून मिळणार? तो पितळेवर पाणी दिलेला तुकडा असतो. प्रमाणपत्र विक्रेत्यानंच छापलेलं असतं आणि त्यावर वजन, धातू, तपासणाऱ्याचं नाव यांतलं काहीच नसतं. घरात ठेवायला प्रतिकृती हवी असेल तर प्रतिकृती म्हणून विकणाऱ्याकडून प्रतिकृतीच्याच दरात घ्या, त्यात काही वावगं नाही.

शिवराई मात्र जरूर घ्या. पण अडीच हजार देऊन नव्हे. शिवराई भरपूर पाडली गेली. महाराजांच्या नंतरही त्याच नावानं, त्याच अक्षरांनी ती पिढ्यान् पिढ्या पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. त्यामुळे साधी, झिजलेली शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. विक्रेते काय करतात, तर पेशवाईच्या शेवटच्या काळातली किंवा त्याच्याही नंतरची दुदांडी शिवराई महाराजांच्या हयातीतली म्हणून लावतात. ओळखायला सोपं आहे. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला छत्र आणि पति. या दोन ओळींच्या मधे दोन आडव्या दांड्या दिसल्या की ती दुदांडी. ती खोटी नव्हे, इतिहासातली खरी वस्तू आहे, पण तिची किंमत दुदांडीचीच द्यायची. शिव ऐवजी सिव असं कोरलेलं दिसलं तर दचकू नका. अस्सल शिवराई नाण्यांवर अशी रूपं सर्रास सापडतात, कारण ठसे कोरणारे गावोगावचे कारागीर होते.

आता खोटी कशी ओळखायची ते सविस्तर सांगते, कारण या एका प्रश्नावर मला सगळ्यात जास्त पत्रं आली आहेत.

शिवराई ठोकून पाडलेली असते, ओतून केलेली नव्हे. तांब्याची चकती ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा. म्हणून खऱ्या शिवराईवर सगळी अक्षरं क्वचितच बसतात. कुठे श्री अर्धी कापलेली, कुठे पति चा ति कडेबाहेर गेलेला. फोटोत सगळी अक्षरं गोलाच्या मधोमध, पूर्ण आणि सारख्या खोलीची दिसली की तिथंच थांबा. ओतीव नकलेत अक्षरांचा काठ उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा मऊ होतो. ठोकलेल्या नाण्यात झिजलेल्या अक्षराचाही उभा काठ बोटाला लागतो. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, साच्यात अडकलेल्या हवेची. आणि कडेभोवती साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ राहते. ती कानसून काढली तर कानशीचे ओरखडे राहतात.

म्हणून विक्रेत्याला तीन फोटो मागायचे. एक, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा. दोन, नाणं उभं धरून कडेचा. तीन, ग्रॅमच्या काट्यावर ठेवलेलं, आकडा दिसेल असा. कडेचा फोटो मागितला की निम्मे विक्रेते उत्तर देणं बंद करतात. तुमचं काम तिथंच झालं. नाणं घरी आलं की शहापुरातल्या किंवा तुमच्या निपाणीतल्या ओळखीच्या सराफाकडे वजन करा. पाच मिनिटांचं काम आहे.

मी आठवीत आहे, खानापूर तालुक्यात राहते. मला तिकिटं जमवायची आहेत. ऑनलाइन हजार परदेशी तिकिटांचं पाकीट तीनशे रुपयांना आहे. बाबा म्हणतात तुम्हाला विचार.

बाळ, बाबांना सांग की विचारलंस ते फार चांगलं केलंस. ते पाकीट घेऊ नकोस. त्यात अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन अशा आखाती संस्थानांच्या नावानं साठ-सत्तरच्या दशकात छापलेली मोठमोठी, रंगीबेरंगी तिकिटं भरलेली असतात. त्यांतली बहुतेक कुठल्याच पत्राला लागली नाहीत. ती छापखान्यातूनच शिक्का मारून बाहेर पडली. उलटी करून बघ, शिक्का आहे पण मागचा डिंक जसाच्या तसा. पाण्यात भिजवून पाकिटावरून काढलेल्या तिकिटाला डिंक राहीलच कसा? पोस्टाच्या टेबलावर बसून मी शिक्के मारलेत, त्यामुळे कोपऱ्यात कंपासनं काढल्यासारखा सुबक पाव शिक्का बघितला की माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. खरा शिक्का घाईत बसतो, तिरका बसतो, कधी शाई सांडते.

तीनशे रुपयांत आपल्याच भागाचा संग्रह सुरू होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं १७ एप्रिल १९६१ चं १५ नये पैशांचं तिकीट शोध. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं १९७७ चं तिकीट घे, कित्तूर आपल्याच जिल्ह्यातलं. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत सहा आण्यांच्या तिकिटावर विजापूरचा गोल घुमट आहे, तो वापरलेला अगदी स्वस्त मिळतो. नवीन तिकिटं टपाल खात्याकडूनच घ्यायची, छापील किमतीला. मोठ्या पोस्टात २०० रुपये भरून फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रह) ठेव खातं उघडता येतं. मग नवी तिकिटं निघाली की घरी येतात आणि पैसे त्या खात्यातून वळते होतात. तुझ्या शाळेत फिलाटेली क्लब आहे का विचार. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श शिष्यवृत्ती आहे, वर्षाला सहा हजार रुपये. परीक्षा आणि तिकिटांवरचा प्रकल्प असतो. तू आठवीत आहेस, म्हणजे अजून वेळ आहे.

आणि एक गोष्ट, जिला पैसेच लागत नाहीत. आजी-आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पाकिटं आणि आंतर्देशीय पत्रं मागून घे. तिकीट फाडून घेऊ नकोस, पाकीट आख्खं ठेव. त्यावर जांबोटीचा, नंदगडचा, लोंढ्याचा शिक्का असेल. पत्त्यात पिन कोड नसेल तर पत्र बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण त्या दिवशी पिन कोड आला. खानापूरचा ५९१३०२ हा आकडा ज्या पाकिटावर नाही आणि ज्यावर आहे, अशी दोन पाकिटं शेजारी लावलीस की तुझ्या वहीचं पहिलं पान तयार. अशी पानं ऑनलाइन कुठेच मिळत नाहीत. पावसाळ्यात मात्र जप. खानापूरच्या हवेत जून ते सप्टेंबर कोऱ्या तिकिटांचा डिंक आपोआप सुटतो आणि ती एकमेकांना चिकटतात. वही आडवी, दडपून ठेवू नको, उभी ठेव. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक.

ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट पाच लाखांना घेतो असा फोन बाबांना आला. नोंदणीचे १,५५० रुपये आणि नंतर जीएसटी म्हणून आणखी काही मागितले. कागदावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे. चिकोडी.

पैसे भरू नका. भरले असतील तर हे वाचता वाचता १९३० ला फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. ट्रॅक्टरची नोट, ७८६ आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, सगळं त्याच माळेतलं. वैष्णोदेवीचं पाच आणि दहाचं नाणं २०१२ चं आहे, आजही बाजारात चालतं. बाबांना हेही सांगा की कुणाकडून पैसे घ्यायला आपला यूपीआय पिन टाकावा लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं, तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

काकू, आमचं घर शहापूरला. सासऱ्यांच्या कपाटात मोडीत लिहिलेल्या कागदांचं गाठोडं निघालं. काहींवर सांगली संस्थानचा मुद्रांक आहे, काहींवर चिकटवलेली कोर्ट फीची तिकिटं. एका ऑनलाइन खरेदीदाराला फोटो पाठवले, तर तो म्हणतो, कागद नको, नुसता मुद्रांकाचा भाग आणि तिकिटं कापून पाठवा, एकेकाला शंभर रुपये देतो. द्यावे का?

ताई, कात्री खाली ठेवा. हे पत्र वाचल्यावर मी तुमच्या शहापूरच्या पत्त्यावर त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलंय, अंक निघेपर्यंत थांबायचा धीर नव्हता.

शहापूर कोणाचं होतं ते नव्या पिढीला माहीत नसतं. बेळगाव कंपनी सरकारचं, नंतर राणीचं, आणि रस्त्यापलीकडचं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. एकाच बाजारात दोन राज्यं. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तोवर शहापूरच्या माणसाचं खत सांगलीच्या मुद्रांकावर होत होतं. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या घराण्यानं एकाच वाड्यात बसून किती राज्यांचे कागद केले ते त्या गाठोड्यात लिहिलेलं आहे.

कोल्हापूर, सांगली, जमखंडी या दक्षिणी संस्थानांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली नाहीत, पण कोर्ट फी आणि मुद्रांक काढले. संग्राहकांत त्यांना खरी मागणी आहे. नुसत्या कापलेल्या तुकड्याला शंभर मिळत असतील तर अख्ख्या कागदाला त्याच्या कितीतरी पट मिळतात, कारण कापल्यावर कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी, कुठल्या कचेरीत तो वापरला हे सगळं जातं. तो खरेदीदार हे जाणून आहे. कापून पाठवलेला तुकडा पाकिटात मावतो आणि त्यावर कोणाचं नाव-गाव नसल्यामुळे पुढे विकायला त्याला सोपं जातं, एवढाच त्याचा हिशेब.

गाठोडं आधी सोडवा. एकेक कागद खिडकीशी उजेडाला धरा. जलचिन्ह दिसेल, कधी कागद बनवणाऱ्याचं नाव, कधी साल. मोडीच्या डाव्या समासात दुसऱ्या हातानं, वेगळ्या शाईत लिहिलेल्या ओळी असतील, तो कारकुनाचा शेरा. पाठीमागं जांभळ्या शाईचा गोल शिक्का असेल तर तो नोंदणीचा असू शकतो. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वर आकडा टाका.

मग विक्रीचा विचार करायच्या आधी मोडी वाचणाऱ्याकडून ते वाचून घ्या. हा माझा हट्ट समजा. आपल्या भागात आजही वाटणीच्या, वहिवाटीच्या दाव्यात जुने कागद लागतात. गाठोड्यात खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र असेल आणि ती जमीन अजून तुमच्याकडे किंवा तुमच्या भाऊबंदांकडे असेल, तर तो कागद कुठल्याही भावाला विकायचा नाही. मोडीचे वर्ग कोल्हापूर-पुण्यात चालतात, बेळगावातही वाचणारी जाणती माणसं आहेत. वाचनालयात चौकशी केलीत तर सापडतील.

कायद्याची एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित कागद पुरावस्तू ठरू शकतात आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. खरेदीदार परदेशातला पत्ता देत असेल तर तिथंच विषय संपवा.

वाचून झाल्यावर कामाचे कागद घरी ठेवा. उरलेले विकायचेच असतील तर अख्खे विका, संग्राहकालाच विका आणि आधी फोटो आपल्याकडे जपून ठेवा. दान करायची इच्छा झाली तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, आणि कोल्हापूरचं पुरालेखागार आहे. कागद नीट जपले जातील आणि उद्या कुणी शहापूरचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्या हाताला लागतील. ताई, गाठोड्यात काय निघालं ते मला नक्की कळवा.

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाची १८२६ ची पहिली आवृत्ती ९०० रुपयांत, तीन खंड, अशी जाहिरात आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर १८२६ स्पष्ट छापलंय. घ्यावी? तसंच जुनं बेळगाव गॅझेटियर कुठे मिळेल? निवृत्त शिक्षक, संकेश्वर.

गुरुजी, ती मागणीनुसार छापलेली प्रत आहे. जुन्या पुस्तकाची पानं स्कॅन करायची आणि मागणी आली की एक प्रत छापायची. स्कॅनमध्ये मूळ शीर्षकपान आलं की १८२६ आणि लंडनच्या प्रकाशकाचं नाव आपोआप येतं. म्हणून नुसतं शीर्षकपान बघून ठरवायचं नाही. पाठीमागच्या पुठ्ठ्याचा फोटो मागा. तिथे बारकोड किंवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असेल तर पुस्तक फार तर पन्नास-पंचावन्न वर्षांतलं. खऱ्या प्रतीत घडीचे नकाशे असतात, स्कॅन करणाऱ्यानं घडी न उलगडता पान टिपलं की नकाशाचा एक चौकोनच छापून येतो. वाचायला घेणार असाल तर असल्या प्रतीत पैसे घालण्यापेक्षा ऑक्सफर्डनं १९२१ मध्ये दोन खंडांत काढलेली, एडवर्ड्सच्या टिपांची आवृत्ती जुन्या बाजारात शोधा. टिपा उपयोगी आहेत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड म्हणजे बेळगाव, १८८४ चा. इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर तो फुकट वाचायला मिळतो. त्यात गावांच्या नोंदी आहेत, संकेश्वरचीही आहे, आधी ती वाचा. छापील प्रत हवीच असेल तर विक्रेत्याला नकाशा जागेवर आहे का, पानं मोजली आहेत का, कसर लागली आहे का, हे लेखी विचारा. लेखी उत्तर असलं की परत करताना वाद घालावा लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही शिक्षक आहात म्हणून मन मोकळं करून सांगते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांवर वाचनालयांचे शिक्के असतात. वाचनालयानं रीतसर निर्लेखित केलेलं, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं असेल तर तसा शेरा, तारीख आणि सही असते. शेरा नसेल तर ते पुस्तक कुणीतरी परत न केलेलं किंवा उचललेलं. सीमाभागातल्या वाचनालयांनी वर्गणीवर, देणग्यांवर, गणपतीच्या खर्चातून वाचवलेल्या पैशांवर हे संग्रह उभे केले. इथं मराठी पुस्तक मिळणं सोपं राहिलेलं नाही. असं पुस्तक दिसलं तर विकत घेऊ नका, त्या वाचनालयाला फोटो पाठवून कळवा.

आजेसासूबाईंनी ठेवलेले चांदीचे रुपये विकायचे आहेत. काळे पडलेत. चिंच-मिठानं घासून फोटो काढू का? अनगोळ, बेळगाव.

घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीच नको. तो काळेपणा संग्राहकाला हवा असतो. घासलेलं नाणं चांदीच्या भावात जातं, न घासलेलं नाण्याच्या भावात. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका.

वर्ष बघून वेगळे करा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनाला ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून निम्मीच. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं, चांदीच्या रुपयाला चिकटत नाही. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया असला तर बाजूला ठेवा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून ते रुपये मागे घेतले आणि १९१२ पासून चित्र बदललं. १९३९ सालचा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर. तो निघालाच तर जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नका.

त्या रुपयांत ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबार किंवा हनुमानाचं चित्र असलेलं १८१८ चं अर्धा आण्याचं नाणं असेल तर ते देवघरात ठेवा. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही, ती अलीकडची पदकं आहेत. मद्रासकडच्या कंपनीच्या होनांवर देवांच्या मूर्ती होत्या, पण त्या सोन्याच्या आणि अगदी लहान. तसंच पोर्तुगीज अक्षरांची नाणी निघाली तर फेकू नका. आपल्याकडे गोव्याला जाणं-येणं असलेल्या प्रत्येक घरात ती सापडतात. सेंताव्ह आणि एस्कुदो लिहिलेली असली तर ती १९५८ ते १९६१ मधली, गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेची शेवटची. किंमत फार नाही, पण मुलांना दाखवायला सुंदर आहेत.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याला आजोबांची व्हिक्टोरिया राणीची नाणी कुरिअरनं पाठवू का? कॅम्प, बेळगाव.

नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. मुलगा सुट्टीत येईल तेव्हा इथंच दाखवा.

गांधीजींचं दहा रुपयांचं १९४८ चं तिकीट ऑनलाइन घेतलं, आता खोटं वाटतंय. विक्रेता फोन उचलत नाही. तक्रार कुठे करू? गोकाक.

आधी तिकीट खोटं आहे याची खात्री करा. १५ ऑगस्ट १९४८ ची ती चार तिकिटांची मालिका स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्हर पद्धतीनं छापली होती. दहापट भिंग घ्या. अस्सल तिकिटात रंग गडद-फिकट होताना छायेतून छायेत मिसळतो, जाळी फार बारीक असते. आजच्या ऑफसेट नकलेत चार रंगांचे ठिपके फुलासारखे मांडलेले दिसतात. तिकिटाच्या कडेची भोकं मोजा, दोन सेंटिमीटरला साडेअकरा हवीत. या दोन्हींत नापास झालं तर पुढे चला.

जाहिरातीचा, विक्रेत्याशी झालेल्या संवादाचा आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आजच, कारण जाहिरात काढून टाकली जाते. ज्या साइटवरून घेतलंत तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथंही काम झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की कोलकात्याचा, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथेच तक्रार घेतली जाते.

पुढच्या वेळी पार्सल सोडताना पाकिटावरच्या पत्त्यापासून आतली वस्तू बाहेर येईपर्यंत न थांबता एकच व्हिडिओ काढा. आणि व्ही.पी. किंवा कॅश ऑन डिलिव्हरीला सुरक्षित समजू नका. पोस्टमनला पैसे दिल्यावरच पाकीट हातात येतं, त्याच्यासमोर ते उघडून बघायची सोय नसते. पोस्टमन बिचारा तुमच्या ओळखीचा असला तरी आत काय आहे हे त्याला माहीत नसतं, त्याच्यावर रागावू नका. तिकिटाचा भिंगाखालचा फोटो मला पाठवला तरी चालेल, संपादकांच्या पत्त्यावर, पाकिटावर तुमचा पत्ता आणि परतीचं तिकीट लावून.